पहिल्या घराची हाक

लोधिवली, ता. खालापूर, जि. रायगड
श्रावण शुद्ध दशमी

चि. बाय हिस,


पहाटेचे पावणेपाच झालेत. रात्रभर कोसळून पाऊस आता कुठे दमलाय, पागोळ्या तेवढ्या ठिबकताहेत, आणि ओटीवरच्या दिव्याखाली मी हे पत्र लिहायला बसलोय. तुझी आजी अजून निजलीय. रसायनीकडे जाणाऱ्या पहिल्या पाळीच्या गाड्या सुरू होईपर्यंत हे घर तुझं आणि माझं. लहान होतीस तेव्हा तू याच वेळी उठून यायचीस, माझ्या घोंगडीत पाय गुंडाळून काही न बोलता बसायचीस, आणि इर्शाळगडाचं टोक उजळलं की मग तुझे प्रश्न सुरू व्हायचे. ती लवकर उठायची सवय पुण्याच्या वसतिगृहातही तू सांभाळली असशील याची मला खात्री आहे. पण अंगातला ताप जाईपर्यंत मात्र पहाटे उठू नकोस. आजारात झोपेसारखी माया कुणी करत नाही.

काल फोनवर तुझा आवाज बसलेला होता. तापाचा तिसरा दिवस, सगळं अंग ठणकतंय, सोमवारी प्रात्यक्षिक परीक्षा, आणि तू मला विचारलंस, ''आजोबा, विज्ञान एवढं पुढे गेलं, मग विषाणूला एका दिवसात संपवणारं औषध का नाही? इंटरफेरॉनचं इंजेक्शन असतं म्हणे, ते का देत नाहीत?'' पुढे काही बोलणार तोच फोन तुटला. बरंच झालं, कारण या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही. ते मांडी घालून, सावकाश सांगायचं उत्तर आहे.

पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुझा जीव थाऱ्यावर येईल. ज्या तापानं आणि ठणक्यानं तू हैराण झालीस, त्यामागे इंटरफेरॉनचाही हात आहे. ते इंजेक्शन तुला कुणी द्यायला नको, बाळा. तीन दिवस तुझं शरीर ते स्वतःच बनवतंय.

आता तुला एक जुनी गोष्ट सांगतो, मी नऊ-दहा वर्षांचा असतानाची. मार्गशीर्षाचे दिवस होते, कापणी उरकून भाताच्या उडव्या खळ्यावर रचलेल्या होत्या. तेव्हा सगळ्यांची खळी एकमेकांना लागून असत, आणि वर्षभराचं पोट त्या उडव्यांत. एका रात्री टोकाच्या घरच्या उडवीला आग लागली. कशी लागली ते कळलं नाही. त्या घरचा म्हातारा उठला आणि, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, स्वतःच्या उडवीकडे न जाता गावाकडे तोंड करून ओरडत सुटला. दारोदार थाळी बडवत गेला. त्याला एका नजरेत कळलं होतं की आपलं भात गेलं. त्याच्या हाकेनं बाकीचे उठले, कुणी गोणपाटं भिजवून उडव्यांवर टाकली, कुणी मधला पेंढा ओढून मोकळा पट्टा केला, कुणी निरगुडीचे ओले टहाळे घेऊन उभे राहिले. आग त्या पट्ट्यापर्यंत आली आणि थांबली. उजाडलं तेव्हा एक उडवी राख झालेली होती आणि बाकी सगळ्या जागच्या जागी उभ्या होत्या. म्हाताऱ्याचा आवाज पुढे आठवडाभर बसलेला होता, तुझा काल बसला होता तसाच. त्या वर्षी गावानं त्याच्या घरी भात पोचवलं, तेही सांगितलं पाहिजे.

इंटरफेरॉन म्हणजे त्या म्हाताऱ्याची हाक.

विषाणूला स्वतःची चूल नसते, हे तुला सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्याच धड्यात शिकवलं असेल. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याच चुलीवर, तिच्याच शिध्यातून स्वतःच्या हजारो नकला काढतो. पण पेशी काही गाफील नसते. तिच्या आत काही प्रथिनं राखणदारासारखी फिरत असतात. पुष्कळ विषाणू वाढताना आरएनएचा लांब दुपदरी धागा तयार करतात, आणि निरोगी पेशीत तसा लांब दुपदरी धागा सहसा नसतो. राखणदाराच्या हाताला तो लागला की पेशी ओळखते, घरात परका शिरला. मग ती इंटरफेरॉन नावाचं प्रथिन बनवते आणि बाहेर सोडते. त्यानं तिचा स्वतःचा जीव वाचेलच असं नाही, पुष्कळदा वाचत नाही. पण ते प्रथिन शेजारच्या पेशींपर्यंत पोचतं, त्यांच्या पृष्ठभागावर दाराला कडी असावी तशी त्याच्यासाठी ठरलेली जागा असते तिथे बसतं, आणि आत जॅक आणि स्टॅट नावाची प्रथिनं हातोहात तो निरोप केंद्रकापर्यंत नेतात. तिथे काहीशे जनुकं जागी होतात. हे सगळं काही तासांत होतं.

पुढचा भाग नीट वाच, कारण शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवूनही मला तो पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. जाग्या झालेल्या जनुकांतून जी प्रथिनं तयार होतात त्यांतलं एक पेशीची प्रथिनं बनवण्याची चूलच विझवू शकतं. दुसऱ्या एकाच्या इशाऱ्यावर कात्री चालते आणि आरएनएचे तुकडे होतात. चूल विझली की विषाणू उपाशी, पण पेशीही उपाशीच. म्हणून ही प्रथिनं तयार होतात आणि नुसती बसून राहतात. विषाणूचा तो दुपदरी धागा प्रत्यक्ष त्या पेशीत उतरला तरच कामाला लागतात. नाही उतरला तर शेजारणीची चूल तशीच पेटती राहते. गोणपाट भिजवून उडवीवर टाकायचं, पण आग आल्याशिवाय आपलंच भात विस्कटायचं नाही. एवढी समजूत एवढ्याशा पेशीत कुठून आली असेल, बाय?

आणि ती हाक फक्त शेजाऱ्यांनाच ऐकू जाते असं नाही. त्या आवाजानं पेशी आपल्या आत काय चाललंय त्याचे नमुने जास्त संख्येनं पृष्ठभागावर मांडायला लागतात, दारात सूप ठेवावं तसे, म्हणजे गस्तीवरच्या मारक पेशींना बिघडलेलं घर ओळखता यावं. त्या मारक पेशीही याच हाकेनं जास्त तरतरीत होतात. मेंदूपर्यंत निरोप गेला की ताप चढतो, अंग जड होतं, भूक मरते, माणूस अंथरुण धरतो. प्रतिपिंडं नावाचं तुझं खरं सैन्य उभं राहायला आठवडा-दहा दिवस लागतात. तोवर रान राखायचं काम या हाकेचं. ती विषाणूला स्वतः मारत नाही, त्याची वाट अडवते आणि वेळ मिळवून देते.

हे माणसाला कळलं कसं, तीही गोष्ट मोठी गोड आहे. एक विषाणू अंगात असला की दुसरा सहजी पाय रोवत नाही, हे शास्त्रज्ञांनी पूर्वीच पाहिलेलं होतं, पण का ते उमगत नव्हतं. १९५७ साली लंडनच्या मिल हिल इथल्या संस्थेत ॲलिक आयझॅक्स आणि झुरिकहून वर्षभरासाठी आलेला तरुण जाँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या उबवत्या अंड्यांतली पातळ पटलं घेतली, ती उष्णतेनं निकामी केलेल्या इन्फ्लुएन्झाच्या विषाणूबरोबर ठेवली, आणि मग विषाणू नव्हे तर भोवतालचं नुसतं पाणी उचलून नव्या, कोऱ्या पटलांवर घातलं. त्या पटलांवर जिवंत विषाणू वाढेना. म्हणजे पाण्यात काहीतरी उतरलं होतं. विषाणूच्या आड येणारं, म्हणून त्याचं नाव इंटरफेरॉन. त्याच्या तीन वर्षं आधी जपानमध्ये यासुइची नागानो आणि यासुहिको कोजिमा यांना सशांवरच्या प्रयोगांत असाच विषाणूला रोखणारा पदार्थ दिसला होता, पण त्यांच्या कामाकडे जगाचं फारसं लक्ष गेलं नाही. आयझॅक्सच्या शोधावरही पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही, नावाची कुचेष्टासुद्धा केली, कारण पदार्थ इतका थोडा मिळायचा की तो शुद्ध करून कुणाच्या हातावर ठेवता येत नव्हता. आयझॅक्स १९६७ साली अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेला. इंटरफेरॉनचं औषध झालेलं त्यानं पाहिलं नाही. लिंडेनमानला मात्र नव्वद वर्षांचं आयुष्य मिळालं.

काटकसरीची गोष्ट तुला फार आवडायची, तांदूळ धुतलेलं पाणी आजी वायंगणात कशी ओतते ते तू वहीत लिहून ठेवलं होतंस, म्हणून हीही ऐक. फिनलंडमध्ये कारी कँटेल नावाच्या शास्त्रज्ञानं पाहिलं की रक्तपेढीत तांबड्या पेशी आणि रक्तद्रव वापरून झाल्यावर पांढऱ्या पेशी उरतात आणि फेकल्या जातात. त्यानं त्या मागून घेतल्या, त्यांना विषाणू दाखवला आणि त्यांनी सोडलेलं इंटरफेरॉन गोळा केलं. वर्षानुवर्षं जगभरच्या रुग्णांवरचे पहिले प्रयोग त्या टाकाऊ पेशींतून मिळालेल्या औषधावर चालले. हजारो लिटर रक्तामागे ग्रॅमभरही हाती येत नसे, तरी तो माणूस ते काम करत राहिला.

आता कर्करोगाच्या गाठीकडे वळतो, कारण तू काल विचारलं नाहीस तरी तुझ्या मनात माझ्या वडिलांचा, दादांचा, फोटो होता हे मला ठाऊक आहे.

कर्करोगाच्या गाठीतली पेशी बाहेरून आलेली नसते. ती घरातलीच असते, थांबायचं विसरलेली. इंटरफेरॉन तिच्या वाढीला खीळ घालतं. एका पेशीच्या दोन होण्याआधी जे टप्पे असतात त्यांवर चाप लावणारी प्रथिनं वाढवतं, त्यामुळे तिची चाल मंदावते. अशा पेशी गस्तवाल्यांपासून तोंड लपवतात. इंटरफेरॉन त्यांना पुन्हा दारात नमुने मांडायला लावतं. आणि गाठ वाढायची तर तिला रक्त हवं, नवे पाट हवेत, ते पाट फुटू देण्यातही ते आडकाठी करतं. पॅरिसजवळ आयन ग्रेसर यांनी उंदरांवर दाखवलं की इंटरफेरॉनला अजिबात दाद न देणाऱ्या गाठीच्या पेशी असल्या तरी इंटरफेरॉन दिलेले उंदीर जास्त जगतात. म्हणजे ते थेट गाठीवरच काम करतं असं नव्हे, शरीराच्या रखवालदारांनाही उठवतं.

विषाणू आणि गाठ या दोन्हींचा असा एकत्र विचार करणारं माणूस आपल्याकडेही होतं, आणि तू रोज जिथून जातेस त्या फर्ग्युसनच्या आवारातच ते शिकलं. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. १९१७ साली पुण्यात जन्म, शिक्षण हुजूरपागेत, वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्राचे प्राध्यापक. लेकीनं डॉक्टर व्हावं असं त्यांच्या मनात होतं, तिनं संशोधन धरलं. मुंबईला परळमध्ये डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली, अमेरिकेत जाऊन पेशी बाटलीत वाढवण्याची विद्या शिकून आल्या, आणि परत येऊन भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. उंदरांच्या स्तनांच्या गाठींमागे विषाणूचा हात असतो, आणि आनुवंशिकतेचा आणि स्तनांच्या कर्करोगाचा संबंध आहे, यावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. उंदरांच्या पिढ्यांमागून पिढ्या पाहायच्या म्हणजे घाई करून चालतच नाही. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. त्या परळच्या संस्थेचा वारसा आज खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेकमध्ये चालतोय, आपल्याच रायगड जिल्ह्यात, इथून तासाभराच्या वाटेवर. पुढच्या सुट्टीत तुला तिथे बाहेरून तरी दाखवून आणीन.

दादांना रक्ताचा कर्करोग झाला तो १९९७ साली. डॉक्टर त्याला सीएमएल म्हणत. तपासणी परळला टाटा रुग्णालयात झाली आणि काही आठवड्यांनी इंटरफेरॉन सुरू झालं. औषध थंड ठेवावं लागे. आमच्याकडे तेव्हा फ्रीज नव्हता, शेजारी होता. आणि वीज गेली की मी थर्मासमध्ये बर्फ भरून त्यात त्या कुप्या ठेवून रात्रभर जागायचो. मुंबईहून येताना एसटीत तोच थर्मास मांडीवर. पोटाच्या कातडीखाली सुई कशी द्यायची ते मी शिकून घेतलं होतं. रोज संध्याकाळी दिवेलागणीला सुई, आणि दोन-तीन तासांनी दादांना हुडहुडी भरायची. दोन गोधड्या, वर घोंगडी, तरी दात वाजायचे. अगदी विषाणूचा ताप यावा तसंच, आणि विषाणू तर अंगात कुठेच नव्हता! तेव्हा मला पहिल्यांदा उमजलं की ताप म्हणजे आगीचा नव्हे, हाकेचा आवाज असू शकतो.

पहिल्या महिन्यांत पांढऱ्या पेशींचा आकडा उतरत गेला. पण दादा मिटत चालले. बोलेनात, खळ्याकडे जाईनात, नातवंडांकडे बघेनात. आम्हाला वाटलं आजाराची धास्ती. मी धीर धरा, मन घट्ट करा, असं त्यांना सांगत राहिलो, आणि त्याची रुखरुख मला आजही आहे, कारण डॉक्टरांनी पुढे सांगितलं की या औषधानंच मन असं काळवंडतं. मात्रा कमी केली, आणि हळूहळू आमचा माणूस आम्हाला परत मिळाला. औषधासाठी आईच्या पाटल्या गेल्या, खालचा एक तुकडा गहाण पडला. त्यातून दादांना चार वर्षं मिळाली. त्या चार वर्षांत त्यांनी तुझ्या बाबांचं लग्न पाहिलं, आणि विहिरीजवळचा तो हापूस लावला, ज्याचे आंबे तू दरवर्षी नेतेस. २००१ च्या पावसाळ्यात ते गेले. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत त्यांच्याच रोगावरच्या इमॅटिनिब नावाच्या गोळीला मान्यता मिळाली होती, आणि पुढे त्या गोळीनं सीएमएलमध्ये इंटरफेरॉनची जागा घेतली. ती गोळी आमच्यापर्यंत वेळेत पोचली नाही. पण इंटरफेरॉनविषयी माझ्या मनात कधी कडवटपणा आला नाही. त्यानं रोग मोडला नाही, मंद केला.

तुला घाईबद्दल मी एवढं का सांगतो, त्याचं एक कारण या औषधाच्या इतिहासातही आहे. १९७८ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं वीस लाख डॉलरचं इंटरफेरॉन प्रयोगांसाठी विकत घेतलं. १९८० मध्ये टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ते झळकलं. त्याच सुमाराला चार्ल्स वाइसमन यांच्या गटानं माणसाचं इंटरफेरॉनचं जनुक जिवाणूत घालून ते जिवाणूकडून बनवून घेतलं, त्यामुळे टंचाई संपण्याची वाट मोकळी झाली. लोकांना वाटलं, आता कर्करोग गेला. मग खरे प्रयोग झाले. बहुतेक गाठी हलल्या नाहीत, आणि ज्यांनी चमत्कार म्हटलं होतं तेच फसवणूक म्हणायला लागले. दोन्ही वेळा घाईच झाली होती. ज्यांनी घाई केली नाही ते एकेक रोग घेऊन तपासत बसले. १९८६ मध्ये एका विरळ रक्तकर्करोगासाठी पहिली मान्यता मिळाली. पुढे काविळीच्या बी आणि सी विषाणूंसाठी, काळ्या तिळासारख्या वाढणाऱ्या मेलानोमा नावाच्या त्वचेच्या कर्करोगासाठी, सीएमएलसाठी त्याला आपापली जागा मिळाली. काविळीच्या सी विषाणूच्या रुग्णांनी कित्येक महिने सुया टोचून घेतल्या. आता त्यांना काही आठवड्यांच्या गोळ्या पुरतात.

आणि करोना तर तू पाहिलासच. २०२० च्या मार्चमध्ये आपल्या लोधिवलीत रिलायन्सनं सगळ्या सोयींचं विलगीकरण केंद्र उभारून जिल्हा प्रशासनाच्या हवाली केलं, तेव्हा तू खिडकीत बसून रिकामा हायवे बघत होतीस, आणि एक गाडी गेली तरी आजीला हाक मारत होतीस. त्या विषाणूची खोडी हीच होती की तो सुरुवातीला ही हाक दाबायचा. म्हाताऱ्याच्या तोंडावर हात ठेवावा तसा. त्याच वर्षी शास्त्रज्ञांना आढळलं की अत्यवस्थ झालेल्या रुग्णांपैकी दहांतल्या किमान एकाच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं होती. मग इंटरफेरॉन टोचावं, असं कुणालाही वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या चाचणीत रुग्णालयात भरती झालेल्यांना ते देऊन पाहिलं. मृत्यू कमी झाले नाहीत. आपल्याकडे एप्रिल २०२१ मध्ये मध्यम आजाराच्या प्रौढांसाठी एका इंटरफेरॉनला आणीबाणीची परवानगी मिळाली होती. मला जे समजलं ते एवढंच की आग बाकीच्या उडव्यांना लागण्याआधीची हाक गाव वाचवते, आणि सगळीकडे भडका उडाल्यावर तीच हाक नुसता गोंधळ वाढवते. औषध तेच, वेळ वेगळी.

म्हणून तुला ते इंजेक्शन देत नाहीत, बाळा. तुझ्या पेशींनी योग्य वेळी हाक दिलीय, शेजारणी जाग्या झाल्यात, गोणपाटं भिजलीत. वरून आणखी इंटरफेरॉन ओतलं तर दादांसारखी हुडहुडी तेवढी वाढेल.

आता माझं ऐक. ताप अजूनही उतरला नसेल तर वसतिगृहाच्या बाईंना सांगून डॉक्टरांकडे जा. हे दिवस डेंगीचे आहेत, रक्त तपासून घे, आणि अंगावर पुरळ, हिरड्यांतून रक्त, सारख्या उलट्या किंवा पोटात कळ असलं काही दिसलं तर क्षणाचीही वाट पाहू नकोस. डॉक्टरांनी दिल्याखेरीज ठणक्याची दुसरी कुठलीही गोळी घेऊ नकोस, पॅरासिटॅमॉल तेवढी चालेल, तीही सांगितल्या मापानं. मैत्रिणीच्या कपाटातली प्रतिजैविकं तर मुळीच नकोत. ती जिवाणूंसाठी असतात, विषाणूला त्यांचं काही वाटत नाही, आणि खऱ्या गरजेच्या दिवसासाठी ती राखून ठेवायची असतात, कणगीतलं बियाणं आपण कितीही भूक लागली तरी शिजवत नाही तसं. पेज कर, मीठ घाल, वर तुपाचा थेंब. तुझ्या सामानात सुईदोऱ्याच्या पिशवीशेजारी आजीनं लोणच्याची बरणी ठेवलीय, ती उघडलीस का?

परीक्षेचं मी तुझ्या बाईंशी बोलू का, असं आजी विचारत होती. मी नको म्हणालो. तू स्वतः नीट बोलशील आणि त्या पुढची तारीख देतील.

तुला आठवतं, मागच्या माघात आपण शेतावर पोपटी लावली होती? मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, वर पेंढ्याची आग, आणि तू दर पाच मिनिटांनी विचारत होतीस, झाली का, झाली का. शेवटी तुझ्या हट्टापायी मडकं आधीच ओढलं, आणि वरच्या शेंगा शिजलेल्या, मधल्या कच्च्या. तू गप्प बसून कच्च्याच खाल्ल्यास, कुणाला दोष न देता. तुझा तो स्वभाव मला फार आवडतो.

उजाडलं आता. इर्शाळगड ढगातच आहे, पाताळगंगेला पाणी वाढलं असेल. लावणी उरकलीय, तुझ्या वाट्याच्या दोन ओळी मी लावल्या. ताप गेल्यावरही दोन दिवस अंथरुणातच राहा, आणि रविवारी सकाळी, घाई न करता, फोन कर.

तुझा,
आजोबा